सातवा घाणा

सर बुधवारी गेले. मी कॉलेजच्या गच्चीवर होते. बीकर उन्हात मांडून झाले होते. फोन आला तो सरांच्या बहिणीचा, ताईंचा. त्या म्हणाल्या, "तो गेला." मी बीकरांना टोप्या घातल्या, जिना उतरले आणि लालबागला गेले.

टोप्यांविषयी आधी सांगते, कारण सरांची ओळख करून द्यायला त्याहून बरी वस्तू माझ्याकडे नाही. मोडक्या छत्रीचं काळं कापड दुहेरी करून, कडेला इलॅस्टिक घालून ताईंनी त्या शिवल्या होत्या. गच्चीवर ओळीने ठेवलेले बीकर लांबून कुंची घातलेल्या बाळांसारखे दिसत. लालबागच्या चाळीतल्या बायका ताईंना विचारत, भाऊ कॉलेजात नक्की करतो काय. ताई सांगत, "तो पाण्याक ऊन दाखवता."

करत होतो ते एवढंच. कापड रंगवण्याच्या कारखान्यातून जे रंगीत पाणी बाहेर पडतं, ते उन्हाच्या जोरावर स्वच्छ करणारी पावडर बनवायची. पावडरीचे कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. ती पाण्यात ढवळायची, वरून ऊन पडलं की कण जागे होतात आणि रंगाचे रेणू तोडू लागतात. पण त्याआधी अंधार. टोपी घालून बराच वेळ नुसतं ढवळत राहायचं, कारण काही रंग न मोडताच कणांना चिकटून बसतो. तेवढा चिकटून होऊ द्यायचा, मग टोपी काढायची, आणि पुढे जो रंग कमी होईल तेवढंच उन्हाचं श्रेय. सर म्हणत, चिकटलेल्याला मोडलेला म्हणणारा माणूस आधी स्वतःला फसवतो, मग मासिकात छापून इतरांना. त्या बुधवारी मी उलटं केलं. चालू प्रयोगावर टोप्या चढवल्या. ऊन अडलं, काम थांबलं. मला तेवढंच सुचलं.

सर बसत नसत. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. शिकवताना उभे, पेपर तपासताना खिडकीच्या कट्ट्याशी उभे, डबा खाताना प्रयोगशाळेत फेऱ्या मारत. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक खुर्ची पुढे करायचे आणि सर त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तोंडी परीक्षा घ्यायचे. पायांना त्रास नव्हता, पाठीला नव्हता. बसलं की ऊन पुढे जातं, असं त्यांना वाटत असावं.

उन्हाचं त्यांना वेडच होतं. नव्या माणसाची ओळख झाली की नाव, गाव, नोकरी राहू द्या, पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे ऊन किती वाजेपर्यंत असतं?" दातांच्या डॉक्टरांना त्यांनी तोंडात यंत्र असताना हे विचारलं होतं. एका विद्यार्थिनीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांना विचारलं. ते गृहस्थ माटुंग्याचे. त्यांना वाटलं, मुलीकडचे जागेची चौकशी करताहेत. त्यांनी घाईघाईने सांगितलं, घर हवेशीर आहे, काही काळजी करू नका. सर म्हणाले, हवा नको, उन्हाचं सांगा.

आमचं कॉलेज परळमध्ये. मी सरांकडे संशोधनासाठी आले तेव्हा गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असे. मग पूर्वेला मिलच्या जागेवर एक टॉवर उठू लागला. त्याचा मजला चढला की आमची सकाळ थोडी कमी व्हायची. पुढे पश्चिमेलाही एक उठला. प्रयोगशाळेत दिवे होते, उन्हासारखा उजेड देणारे. सगळे तेच वापरतात. सर म्हणत, कारखानेवाला पाणी दिव्याखाली नेऊन ठेवणार आहे का? मग बीकर उचलून गच्चीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. त्यांच्या मागोमाग मी. टॉवरविषयी त्यांनी कधी तक्रार केल्याचं आठवत नाही. ते फक्त म्हणायचे, "सरकलं. चल, आपणही सरकू."

हे सरकणं एकदा आमच्या घरापर्यंत आलं. माझे वडील सरकारी नोकरीत, आम्ही अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आमच्या इमारतीवर ऊन भरपूर, हे मी बोलून गेले होते. एका रविवारी सर दोन पिशव्या घेऊन दारात. आईला वाटलं, मुलीची तक्रार घेऊन आले. तिने पोहे टाकले. वडील गंभीर झाले. गच्ची सामाईक, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सरकारी वसाहतीच्या गच्चीवर रसायनं नेणं नियमात बसतं का, हे त्यांना कळेना. सर पोह्यांची बशी हातात धरून दारातच फेऱ्या मारत होते. शेवटी वडिलांनी एक तोड काढली. ते म्हणाले, अर्जात "रंगीत पाणी वाळवणे" असं लिहितो. पापड वाळवायला मनाई नाही. सरांना हे इतकं आवडलं की नंतर खूप दिवस ते गच्चीवरच्या कामाला वाळवण म्हणत.

पुढे लोअर परळच्या नव्या टॉवरांमध्ये ते फ्लॅट बघायला जाऊ लागले. मलाही नेलं. विकणाऱ्यांच्या ऑफिसातली मुलगी नीटनेटकी, गोड बोलणारी. तिने आम्हाला वडील-मुलगी समजून वरचा नमुन्याचा फ्लॅट दाखवला. सर थेट बाल्कनीत गेले, पिशवीतून बीकर काढला आणि कठड्यावर ठेवला. मुलगी म्हणाली, "सर, किचन नाही बघणार?" सर म्हणाले, "किचन असेलच. हे ऊन कधी जातं?" तिला माहीत नव्हतं. तिने खाली फोन करून विचारलं. खाली कुणालाच माहीत नव्हतं. सर मला हळूच म्हणाले, बघ, एवढं घर विकतात आणि यांना हेच ठाऊक नाही.

वर्गात मात्र त्यांचा हा अस्वस्थपणा कामाला यायचा. आमचा सगळा विषय ज्यावर उभा आहे, त्याला इंग्रजीत डोपिंग म्हणतात. धातूच्या ऑक्साइडमध्ये दुसरा एखादा धातू अगदी थोडा मिसळायचा. सर त्याला सरळ भेसळ म्हणत. पहिल्या तासाला ते फळ्यापुढे येरझारा घालत सांगायचे, शुद्ध टायटेनियम डायऑक्साइड म्हणजे सज्जन गृहस्थ. भिंतीच्या रंगात असतो, टूथपेस्टमध्ये असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला जागं करायला अतिनील किरण लागतात आणि आपल्या उन्हात ते चिमूटभर. बाकीचं ऊन त्याच्या डोक्यावरून जातं. मग ते फळ्यावर चाळ काढायचे. मजल्यावर मजले, खोलीला खोली लागून. हे स्फटिक. प्रत्येक खोलीत टायटेनियमचं बिऱ्हाड. आता यातल्या एखाद-दुसऱ्या खोलीत बाहेरचं बिऱ्हाड आणा, समजा लोखंडाचं. चाळीला जाग येते. गॅलरीत बोलणी सुरू होतात. ज्या उन्हाकडे कुणी बघत नव्हतं ते आता चालतं. पण बाहेरची बिऱ्हाडं फार झाली तर आपापसांत भांडणं आणि काम बंद. "भेसळ करा," ते म्हणत, "पण कुणाला आणून बसवलंत ते तुम्हाला ठाऊक असू द्या."

या शेवटच्या वाक्याचं पुढे काय होणार होतं, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

पावडरीच्या प्रत्येक खेपेला ते घाणा म्हणत. शब्द ताईंचा, वड्या तळतानाचा. तिसरा घाणा, चौथा घाणा. सातवा घाणा निघाला तो मी त्यांच्याकडे येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद, म्हणून सरांनी ओलं मिश्रण घरी नेलं, लालबागच्या चाळीत, गॅलरीत वाळवायला. हे मिश्रण दह्यासारखं घट्ट असतं आणि त्यात अ‍ॅसिड असल्याने आंबट वासाचं. ते काचेच्या ताटलीत सावकाश वाळवायचं, मग कुटून भट्टीत तापवायचं. सुट्टी संपल्यावर भट्टीतून जी पावडर निघाली, तिला किंचित हिरवट पिवळी छटा होती. आम्ही ती लाल रंगाच्या पाण्यात घातली आणि टोपी काढली. डब्याच्या वेळेपर्यंत पाणी निवळ झालं.

दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. सरांनी पाणी बाटलीत भरलं आणि माटुंग्याच्या एका संस्थेत तपासायला नेलं, चालत. पाण्यात कार्बन किती उरलाय हे सांगणारं यंत्र तिथे होतं. कारण त्यांचं एक वाक्य होतं, जे प्रत्येक विद्यार्थ्याने शंभरदा ऐकलंय: रंग गेला म्हणजे घाण गेली असं नाही. रंगाचा रेणू मोडला की त्याचे कार्बनचे तुकडे पाण्यातच राहतात. ते दिसत नाहीत. काही तुकडे तर मूळ रंगापेक्षा वाईट.

हे वाक्य त्यांनी कुठून आणलं, ते मला एकदाच सांगितलं, गच्चीवर, माझ्याकडे न बघता. त्यांचे वडील मिलमध्ये रंगखात्यात होते. संध्याकाळी घरी आले की हात कोपरापर्यंत त्या दिवसाच्या रंगाचे. शाळेतून येताना पोरं नाल्यात डोकावून सांगायची, आज गुलाबी चाललाय, आज जांभळा. वडील मोरीत बसून पांढऱ्या पावडरीने हात घासायचे. रंग निघाला की हात वर करून मुलांना दाखवायचे, झाले स्वच्छ, आणि जेवायला बसायचे. ते मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. सर म्हणाले, बाबांना खरंच वाटायचं, स्वच्छ झाले. एवढं बोलून त्यांनी एक बीकर उचलला आणि काही कारण नसताना दुसरीकडे ठेवला.

सातव्या घाण्याने नुसता रंग काढला नव्हता. तुकडेही मोडले होते. यंत्राने तसं सांगितलं. सरांनी पाणी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग पेपर लिहिला, छापून आला. लोखंडाची भेसळ, इतक्या प्रमाणात, अशी कृती.

नंतर आठवा घाणा केला. तो सामान्य निघाला. नववा, दहावा, सगळे सामान्य. रंग जायचा, तुकडे राहायचे. लोखंड कमी केलं, वाढवलं. भट्टी बदलली. पाणी बदललं. एकदा सरांना वाटलं, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर लागला असेल, म्हणून पुढच्या दिवाळीत ताटली पुन्हा गॅलरीत ठेवली. सामान्य. सातव्या घाण्याची पावडर प्रत्येक तपासणीला थोडी थोडी संपत होती. उरलेली सरांनी बोटाएवढ्या बाटलीत भरून शर्टाच्या खिशात ठेवली. बोलता बोलता ते खिसा चाचपायचे.

त्याच सुमाराला एका लांबच्या गावातल्या कॉलेजातून एका मुलीची ईमेल आली. सरांच्या कृतीवर तिचं संशोधन उभं होतं आणि ती कृती तिच्या हातून होत नव्हती. तिच्या गाइडचं म्हणणं, तुझ्याच हाताला वळण नाही. तिने फार अदबीने विचारलं होतं, माझं काय चुकतंय. सरांनी ईमेलला उत्तर दिलं नाही. नंबर शोधून फोन केला आणि म्हणाले, "तुमचं काही चुकत नाहीये. माझं चुकतंय. कुठे, ते कळलं की कळवतो." तिला ते काही पटलं नसावं. छापून आलेल्या माणसाचं कसं चुकेल?

तेव्हापासून सरांचं उभं राहणंही बदललं. आधी ते हिंडत, आता घुटमळत. जिन्यात मध्येच थांबायचे. कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडून परत यायचे, भट्टीचं तापमान बघायचे आणि पुन्हा जायचे. माझाही प्रबंध सातव्या घाण्यावरच अडला होता, पण त्यांच्या तोंडी सारखी ती मुलगी. मला म्हणायचे, तू इथे आहेस, तुला दिसतंय मी काय करतोय ते. ती तिथे एकटी बसून स्वतःला नालायक समजतेय. तिच्या गाइडांनाही त्यांनी फोन केला. त्या गृहस्थांनी सरांच्या नम्रतेचं कौतुक केलं आणि फोन ठेवला.

सुटका झाली ती ताईंच्या सोलकढीने.

ताई सरांहून मोठ्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडे. सरांनी लग्न केलं नाही. का, असं ताईंना विचारलं की म्हणत, बोहल्यावर बसाक लागता. गणपतीत मी दरवर्षी त्यांच्याकडे जेवायला जायची. त्या वर्षी गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. घरातली स्टीलची भांडी पाहुण्यांच्या गर्दीत शेजाऱ्यांकडे गेली होती, म्हणून ताईंनी आमसुलं पितळेच्या जुन्या परातीत भिजत घातली होती. मी पाटावर, सर नेहमीप्रमाणे खिडकीशी उभे, हातात वाटी. त्यांनी एक घोट घेतला आणि थांबले. जिभेवर काहीतरी घोळवल्यासारखं केलं. पुन्हा एक घोट घेतला.

"ताई, ही कळकलीय."

"कळकली?" ताईंनी चमच्याने चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "खरंच रे. परातीची कल्हई गेली वाटता. फेकून दी ती, दुसरी करतंय."

कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आंबट पितळ खातं, पितळ आंबटात उतरतं, कडेला हिरवं येतं. रसायनशास्त्र शिकवून सरांचे केस पांढरे झाले होते. वाटी हातात धरून ते खिडकीजवळून आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. मांडी घालून. ताईंच्या हातातली पळी तशीच राहिली. आधी त्यांना वाटलं, भावाला चक्कर आली.

सर म्हणाले, "माझं काही ह्या परातीत ठेवलं होतंस कधी?"

ताईंनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तू वराडशील."

"नाही ओरडत."

"तुझी काच तडकली होती. उन्हात. दिवाळीत. सगळा खाली गळाक लागला, मी काय करू? परातीत काढलंय. दुसऱ्या दिवशी तुझी दुसरी काच सापडली, तेच्यात घातलंय. सगळा खरवडून घातलंय हां, जरासुद्धा वाया नाय घालवलंय."

"हिरवं झालं होतं?"

"कडेक. माका वाटला तुझा औषधच तसला."

मी सरांकडे पाहिलं. ते हसत होते की काय, कळत नव्हतं. ते म्हणाले, "बिऱ्हाड परस्पर आणून बसवलंस तू." ताईंना अर्थ लागला नाही. त्या म्हणाल्या, कोणाक बसवलंय?

सर उठले नाहीत. बसल्या जागी, उष्ट्या हातानेच त्यांनी फोन काढला आणि त्या मुलीला लावला. तिने उचलल्यावर ना नाव, ना नमस्कार. म्हणाले, "अगं, तुमच्या घरी पितळेची परात आहे का? कल्हई गेलेली?"

 पलीकडून तिने कोण बोलतंय असं विचारलं. सरांनी सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, ताटली तडकल्यापासून. शेवटी म्हणाले, तुमच्या गाइडना सांगा, हाताचं वळण चांगलं आहे. भांडं तेवढं चुकीचं, म्हणजे बरोबर, वापरलंत. ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मान खाली घालून जेवत राहिले, कारण मला रडू येत होतं.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. सातव्या घाण्याची पावडर आम्ही मोठ्या यंत्राखाली बघितली होती, आणि त्या आलेखात तांबं दिसलं होतं. स्पष्ट. पण त्या यंत्रात नमुना ज्या जाळीवर ठेवतात ती जाळीच तांब्याची असते, त्यामुळे तांबं नेहमीच दिसतं आणि सगळेच ते सोडून देतात. आम्हीही सोडलं. जस्ताचं एक बारीकसं टोक होतं, ते यंत्राची कुरकुर म्हणून सोडलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. परात आमच्यासमोर सही करून उभी होती आणि आम्ही तिला जाळी समजलो. सर यानंतर दरवर्षी पहिल्या तासाला हा आलेख दाखवायचे. कुणाला आणून बसवलंत ते ठाऊक असू द्या, हे वाक्य त्यांनी सोडून दिलं. त्याऐवजी म्हणायचे, जे नेहमीच दिसतं त्याच्याकडे एकदा बघा.

आमच्या विभागप्रमुख मॅडम शहाण्या होत्या आणि सरांचं वाईट चिंतणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सरांना बोलावून खुर्ची पुढे केली. सर खुर्चीमागे उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, यात लपवण्यासारखं काहीच नाही. लोखंड आणि तांबं दोन्ही घातलं की काम होतं, हे खरंच आहे ना? मग नवा पेपर लिहा, दोन धातूंच्या भेसळीचा. मुद्दाम घातलं असं लिहा. जुन्यात चूक होती असं जाहीर केलंत तर विभागाचं नाव जाईल, तुमची बढती अडेल, या मुलीचा प्रबंध लांबेल. कुणाचं नुकसान न होता सगळं खरंच राहतं.

सर म्हणाले, "मॅडम, मी जे घातलं नाही ते घातलं असं कसं लिहू?"

मग ते माझ्याकडे वळले. वर्षं तुझी जातील, ते म्हणाले, तू सांग. मॅडमही माझ्याकडे बघू लागल्या. मी फार बोलणारी नाही. मी विचारलं, "लिहायचं काय, पितळ की परात?"

सर म्हणाले, परात.

मासिकाने दुरुस्ती छापली, कोपऱ्यात, चार ओळींची. सरांनी ती ताईंना मराठी करून वाचून दाखवली. मिश्रणाचा पितळी भांड्याशी अनवधानाने संपर्क आला होता, असं त्यात होतं. त्या एका शब्दावरून सर पुढे अनेक दिवस धुमसत होते. म्हणायचे, अनवधानाने कसं? ताईचं अवधान होतं. तिने वाया जाऊ दिलं नाही. अवधान माझं नव्हतं. त्यांनी तसं संपादकांना लिहिलंही. उत्तर आलं नाही. बढती मिळाली नाही, माझा प्रबंध लांबला, हे मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. त्या दूरच्या मुलीने मावशीकडची परात आणली. तिचा घाणा उतरला. तिने आभार मानायला फोन केला तेव्हा सरांनी तिला विचारलं, तुमच्याकडे ऊन किती वाजेपर्यंत असतं? ती म्हणाली, दिवसभर. फोन ठेवल्यावर सरांनी मला तेवढंच सांगितलं, दिवसभर.

वाटलं होतं, आता ते बसतील. बसले नाहीत. तांब्याचा क्षार मोजून घातला तरी घाणा चांगला यायचा, पण परातीसारखा नाही. परातीतलाही दर वेळी सारखा नाही, कारण परात झिजत होती आणि दर वेळी वेगळं काहीतरी देत होती. मोजून कसं कळकवायचं, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. निवृत्तीनंतरही ते परात पिशवीत घालून कॉलेजात यायचे. ताई म्हणायच्या, लोकांचे भाऊ भाऊबीजेक भांडी आणतत, माझो भाऊ असलेली नेता. कल्हईवाला चाळीत क्वचित येतो, पण आलाच तर ताईंना ताकीद होती. परातीला हात लावू द्यायचा नाही.

शेवटचं आजारपण थोडकं होतं. हॉस्पिटलात मी भेटायला गेले तर ते पलंगाच्या दांड्याला धरून उभे. नर्सची आणि त्यांची त्यावरूनच भांडणं चालायची. खिडकी उत्तरेची होती. ते म्हणाले, इथे येतच नाही गं. मला वाटलं, झोप येत नाही. मग कळलं.

तेराव्याला ताईंनी परात जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ने गो. हयसर आता कोण वापरतलो?" मी म्हटलं, तुम्हाला आठवण म्हणून राहू दे. त्या म्हणाल्या, "माका आठवणीक परात कित्याक?"

मी आता त्याच कॉलेजात शिकवते. गच्चीवर ऊन दुपारी थोडा वेळ येतं. टोप्या सगळ्या आहेत, त्यांतल्या दोन टोप्यांचं इलॅस्टिक मी बदललं. सातव्या घाण्याची बाटली रिकामी आहे. परात माझ्याकडे आहे. तिला कल्हई केलेली नाही.